डीईआयचं भांडण नेमकं कशावरून, आणि आपला त्याच्याशी काय संबंध?

२० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी त्यांनी अमेरिकेच्या केंद्र सरकारातले 'डीईआय' (डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन) विभाग बंद करण्याच्या आदेशावर सही केली. दुसऱ्या दिवशी आणखी एक आदेश निघाला. त्याने १९६५ पासून चालत आलेला एक जुना आदेश रद्द केला आणि सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना बजावलं, की आमच्याकडे बेकायदा डीईआय चालत नाही, असं लिहून द्या. त्याच्या आगेमागे वॉलमार्ट, मॅकडोनाल्ड्स, मेटा, ॲमेझॉन, टार्गेट, गूगल अशा बड्या कंपन्यांनी आपापले कार्यक्रम आवरते घेतले.

मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर तेव्हापासून दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एक म्हणतो, अमेरिकेतलं आरक्षण संपलं, आता गुणवत्तेला न्याय मिळेल. दुसरा म्हणतो, तिकडे आता आपल्या मुलांचं काही खरं नाही. दोन्ही अर्धवट माहितीवर उभे आहेत. हिंजवडीत किंवा खराडीत अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्यांना तर हा शब्द ऑफिसच्या मेलमध्ये सतत दिसतो, पण तो आहे काय, हे सरळपणे कुणी सांगत नाही.

तीन शब्द, त्यातला एक भांडणाचा

डायव्हर्सिटी म्हणजे विविधता. कामाच्या ठिकाणी कोण कोण आहे, हा तिचा प्रश्न. बायका किती, दिव्यांग किती, वेगवेगळ्या वंशांचे, धर्मांचे, वयांचे लोक आहेत की सगळे एकाच साच्यातले. इन्क्लुजन म्हणजे समावेश. आत आलेल्या माणसाला बैठकीत बोलू देतात का, चांगलं काम त्याच्या वाट्याला येतं का, की त्याचा उपयोग फक्त वार्षिक अहवालातल्या फोटोपुरता, हे त्यात बघायचं. या दोन्हींना उघड विरोध सहसा कुणी करत नाही. भांडण आहे ते मधल्या इक्विटीवर, म्हणजे न्याय्य वाटणीवर.

एखादी जुनी चार मजली इमारत घ्या. महापालिकेचं पाणी सकाळी तासभर येतं. सगळ्यांना एकाच मापाचा पाइप, एकच वेळ. कागदावर कुणावर अन्याय नाही. पण तळमजल्यावरच्या बादल्या दहा मिनिटांत भरतात आणि चौथ्या मजल्यावर नळ नुसता फुसफुसतो. इक्विटीचं म्हणणं असं, की पाइप सारखा असून भागत नाही, दाब सारखा हवा. म्हणून चौथ्या मजल्याला पंप बसवून द्या. तळमजल्यावाले म्हणतात, पंप सुरू झाला की आमची धार बारीक होते, आणि आम्ही तर कुणाचं पाणी चोरलेलं नाही. दोघांचंही म्हणणं खरं आहे. तिसरा मार्ग म्हणजे गच्चीवर टाकी बांधायची आणि सगळ्यांना वरून पाणी सोडायचं. त्याला खर्च आहे, खटपट आहे, पण कुणाचं पाणी तुटत नाही.

डीईआयच्या नावाखाली चालणाऱ्या गोष्टींत पंपही आहेत आणि टाक्याही. वाद पेटला तो पंपांवरून. मोडतोड मात्र टाक्यांचीही सुरू आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत जास्त खटकतं.

हे आलं कुठून

१९६४ पूर्वी अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला त्याच्या रंगामुळे नोकरी नाकारणाऱ्या खासगी कंपनीला केंद्राचा कोणताही सर्वसाधारण कायदा अडवत नव्हता. त्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश पाहून नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली. पुढच्याच वर्षी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आदेश काढला, की सरकारी कंत्राट हवं असेल तर नुसता भेदभाव टाळून चालणार नाही, सर्वांना संधी मिळावी म्हणून स्वतःहून प्रयत्न करावे लागतील. २०२५ मध्ये रद्द झाला तो हाच आदेश.

कायदा लागू झाला म्हणून रीत लगेच बदलली नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर या वीज कंपनीत कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेत. त्या विभागातला सर्वाधिक पगार हा इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. कायद्यातलं हे प्रकरण २ जुलै १९६५ ला लागू झालं, आणि त्याच दिवसापासून कंपनीने बरी कामं हवी असणाऱ्या नव्या लोकांना शाळा पूर्ण केल्याच्या दाखल्यासोबत दोन लेखी चाचण्यांची अट घातली. अट सगळ्यांना सारखी. पण त्या राज्यात कृष्णवर्णीय मुलांना पिढ्यान्‌पिढ्या निकृष्ट शाळांत बसवलेलं होतं, आणि आधीपासून ती कामं करणारे गोरे कामगार ना दाखला देत होते ना चाचणी, तरी काम उत्तम चाललेलं होतं. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की अट वरवर निष्पक्ष दिसली तरी तिच्यामुळे एक गट बाहेर पडत असेल आणि त्या कामासाठी तिची गरज सिद्ध होत नसेल, तर ती बेकायदा आहे.

इक्विटीच्या विचाराचा गाभा या निकालात आहे. ही अट खरंच कामासाठी लागते का, हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही नोकरीच्या जाहिरातीला विचारून पाहा. 'अस्खलित इंग्रजी आवश्यक' हे कितीदा सवयीने लिहिलेलं असतं.

पुढचा टप्पा मे २०२० चा. मिनिआपोलिसमध्ये पोलिसाने गुडघ्याखाली दाबून धरलेल्या जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि देशभर लोक रस्त्यावर आले. कंपन्यांनी मोठमोठ्या घोषणा केल्या, डीईआयसाठी स्वतंत्र अधिकारी नेमले, आकडे ठरवले. घाईत जे उभं राहिलं त्यातलं बरंचसं तितक्याच घाईने उतरवलं गेलं.

मग हे अमेरिकेतलं आरक्षणच ना?

नाही, आणि हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानात निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवल्या. पुढे राज्यघटनेने सरकारी नोकऱ्यांत आरक्षणाला आधार दिला. आपल्याकडे राखीव जागा कायदेशीर आहेत, मोजलेल्या आहेत आणि त्या सरकारी क्षेत्रात आहेत.

अमेरिकेत चित्र उलटं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरपैकी सोळा जागा अल्पसंख्याकांसाठी बाजूला ठेवल्या होत्या. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कोटा रद्द केला. विविधतेसाठी वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून विचारात घेता येईल, एवढी फट मात्र ठेवली. जून २०२३ मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यांत तीही जवळपास बंद झाली. हे निकाल प्रवेशांबद्दलचे आहेत. नोकरीत 'ही जागा फक्त अमक्या वंशासाठी' असं म्हणणं तिथे सहसा बेकायदाच आहे. १९७९ च्या एका निकालाने तात्पुरत्या, मर्यादित योजनांना वाव दिला होता, पण तो अपवाद अरुंद आहे.

मग कंपन्या डीईआय म्हणून करतात काय? एरवी जिथे जात नाहीत अशा कॉलेजांत भरतीला जातात. नव्या लोकांना अनुभवी मार्गदर्शक जोडून देतात. एकाच कामाला बाईला कमी पगार मिळतोय का, ते तपासतात. रॅम्प बांधतात, ऑनलाइन मीटिंगमधलं बोलणं पडद्यावर अक्षरांत दाखवतात, प्रशिक्षणं घेतात. आणि काही ठिकाणी अमुक वर्षापर्यंत मॅनेजरांत इतके टक्के बायका किंवा कृष्णवर्णीय, असं उद्दिष्ट ठरवतात. या शेवटच्या बाबतीत टीकाकारांचं म्हणणं मला पटतं. उद्दिष्टाचा आकडा मॅनेजरच्या बोनसला बांधला, की कागदावर कोटा नसला तरी त्याच्या डोक्यात तो तयार होतो.

गुणवत्तेचं काय?

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. जो लायक त्याला नोकरी द्या, बाकी काही बघू नका. तत्त्व म्हणून ते कुणालाही मान्य होईल. अडचण अशी, की डीईआय नसताना फक्त गुणवत्ता बघितली जाते, हे गृहीतक तपासलं की टिकत नाही.

मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट रिझ्युमे पाठवले. पात्रता तोलामोलाची, नावं वेगळी. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा दीडपट बोलावणी आली. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी तसाच प्रयोग खासगी कंपन्यांवर केला. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्याचे निष्कर्ष आले. पात्रता सारखी असूनही दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाच्या अर्जाला साधारण एक तृतीयांश. बोलावणी पाठवणाऱ्यांना विचारलं असतं, तर त्यांनीही सांगितलं असतं, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो.

पुण्यातल्या एका कंपनीत मी मुलाखतीच्या पॅनेलवर बसत असे. उमेदवार दाराबाहेर पडतो न पडतो तोच पॅनेलमधले ज्येष्ठ म्हणायचे, "मुलगा आपल्यातला वाटतो, टीममध्ये जमेल." बाकीचे माना डोलवायचे. आपल्यातला म्हणजे काय, हे कधी कुणी बोलून दाखवलं नाही. शहरी इंग्रजी शाळेतले उच्चार, ओळखीचं कॉलेज, आडनावावरून बांधलेला अंदाज, असं सगळं त्या एका शब्दात मावायचं. एचआरच्या भाषेत याला 'कल्चर फिट' म्हणत.

मग डीईआयचा भाग म्हणून नवी पद्धत आली. सगळ्या उमेदवारांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराला १ ते ४ गुण, आणि तीन गुणांचं उत्तर कसं असतं ते आधीच छापलेलं. प्रत्येकाने आपला कागद भरून एचआरकडे दिल्याशिवाय पॅनेलने आपसात बोलायचं नाही. त्या फेरीत बार्शीकडची एक मुलगी होती, इंग्रजी अडखळत बोलणारी. डेटाबेस मंदावला तर कारण कसं शोधशील, या प्रश्नावर तिने कागद मागून घेतला, चार चौकोन काढले आणि कुठून तपासायला सुरुवात करणार ते बोटाने दाखवत गेली. तिघांच्याही कागदावर त्या प्रश्नाला ४ होते. बाई म्हणून किंवा गावाकडची म्हणून तिला एक गुणही जादा मिळालेला नव्हता. जुन्या पद्धतीत तिच्या पहिल्या दोन वाक्यांनंतरच पॅनेलचं मत बनून गेलं असतं.

ही टाकी आहे. यात कुणाची धार बारीक झाली नाही. गुणवत्ता हवी असेल तर ती मोजावी लागते, आणि ती नीट मोजायची पद्धत याच बदनाम झालेल्या तीन अक्षरांखाली कंपन्यांत आली.

गोऱ्यांवर, पुरुषांवर अन्याय होत नाही का?

कुठे कुठे होतो, आणि तो झाला तर कायदा त्यांच्याही बाजूने आहे. ओहायोतल्या एका सरकारी खात्यातल्या बाईंनी तक्रार केली, की मी भिन्नलिंगी आहे म्हणून मला डावलून समलिंगी सहकाऱ्यांना पदं दिली. बहुसंख्य गटातल्या व्यक्तीने जास्त भक्कम पुरावा आणला पाहिजे, असा काही खालच्या न्यायालयांचा दंडक होता. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने मोडीत काढला: कायदा प्रत्येक व्यक्तीला सारखा. हा निकाल लिहिला न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन यांनी, त्या न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायमूर्तींनी.

भारतीयांनी लक्षात ठेवावा असा दुसरा खटला ऑक्टोबर २०२४ चा आहे. लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने ठरवलं, की कॉग्निझंट कंपनीने भारतीय नसलेल्या कर्मचाऱ्यांशी भेदभाव केला. कंपनीला तो निर्णय मान्य नव्हता, अपील करू असं तिने सांगितलं. १९६४ चा जो कायदा आपल्या मुलांचं तिकडे रक्षण करतो, तोच कायदा आपल्या लोकांनी आपल्याच लोकांना झुकतं माप दिल्याच्या आरोपाचीही चौकशी करतो.

देखाव्याबद्दलची टीका

इथे टीकाकारांना पूर्ण गुण. सक्तीची डायव्हर्सिटी प्रशिक्षणं बहुतेक ठिकाणी वाया जातात. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी आठशेहून जास्त अमेरिकन कंपन्यांची तीस वर्षांची माहिती तपासली. लोकांना बळेच बसवून उपदेश केला की ते उलट चिडतात, असं त्यांना दिसलं. मार्गदर्शक जोडून देणं, निरनिराळ्या विभागांतल्या लोकांना भरतीच्या कामात ओढणं आणि कुणाला तरी जबाबदार धरणं, याने फरक पडला.

आपल्याकडे ८ मार्चला बायकांना गुलाबाचं फूल आणि रांगोळी स्पर्धा, आणि ९ मार्चला तीच बाई बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावर तिच्या हातचं काम दुसऱ्याला दिलेलं. याला समावेश म्हणणं हा त्या बाईचा अपमान आहे.

विविधतेने नफा वाढतो, हा दावाही डगमगता आहे. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या अहवालांवर तो उभा होता. २०२४ मध्ये दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचे आकडे घेऊन पडताळणी केली तेव्हा तसा संबंध त्यांना आढळला नाही. सगळ्यांनी माघार घेतली असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये कॉस्टकोच्या भागधारकांपुढे डीईआयमुळे कंपनीला काय धोके आहेत याचा अहवाल मागणारा ठराव आला, तो ९८ टक्क्यांहून जास्त मतांनी फेटाळला गेला. माझ्या मते कुणाला निष्कारण डावलू नये, याला नफ्याच्या आकड्याचा टेकू लागूच नये.

जात समुद्र ओलांडते तेव्हा

हार्वर्डविरुद्धचा खटला आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांच्या नावाने लढवला गेला. त्यांचे अभ्यासातले गुण वरचे, पण 'व्यक्तिमत्त्वा'च्या रकान्यात सरासरीने कमी, हे त्यातून पुढे आलं. हार्वर्डने भेदभावाचा आरोप नाकारला. न्यू जर्सीतल्या मराठी पालकांना हा निकाल सुखावून गेला असेल तर ते समजण्यासारखं आहे. फक्त 'व्यक्तिमत्त्व' आणि 'कल्चर फिट' शेजारी ठेवून बघा. मोजमाप नसलेला एक रकाना, आणि त्यात ठेवणाऱ्याच्या मनातलं सगळं मावतं.

त्याच काळात उलटी बाजूही समोर आली. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीवर दावा लावला. एका दलित अभियंत्याला त्याच्या उच्चवर्णीय भारतीय वरिष्ठांनी जातीवरून भेदभावाने वागवलं, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला, आणि दोन वरिष्ठांवरचा वैयक्तिक दावा २०२३ मध्ये मागे घेतला गेला. त्या वर्षी फेब्रुवारीत सिएटल हे जातिभेदावर बंदी घालणारं पहिलं अमेरिकन शहर ठरलं. प्रस्ताव आणणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत या जन्माने पुण्याच्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसं विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते परत पाठवलं. सध्याच्या कायद्यात हे येतंच, असं त्यांचं कारण. अशा कायद्यांनी फक्त दक्षिण आशियाई, विशेषतः हिंदू, संशयाच्या घेऱ्यात येतात, असा विरोधकांचा आक्षेप होता.

त्या आक्षेपात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण 'आमच्या रंगावरून आम्हाला डावलू नका' आणि 'जातीचा विषय तुम्ही काढूच नका' या दोन मागण्या एकाच तोंडाने करता येत नाहीत.

इथला कायदा

घटनेतली समानतेची कलमं मुख्यतः सरकारला बांधतात. खासगी कंपनीने जात किंवा धर्म पाहून नोकरी नाकारली, तर थेट दाद मागता येईल असा १९६४ च्या अमेरिकन कायद्यासारखा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. आहेत ते तुकडे. भरतीत आणि पगारात बायकांशी भेदभाव करायला बंदी १९७६ पासून आहे. तरी २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात विवाहित बायकांना टाळलं जातं, अशी बातमी रॉयटर्सने दिली. कंपनीने भेदभावाचा आरोप फेटाळला. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं. बऱ्याच ठिकाणी रजेचा सगळा भार एकट्या मालकावर पडत असल्याने लहान उद्योग तरुण मुलींना घ्यायलाच बिचकतात, हा या कायद्यातला मोठा दोष. तो खर्च सरकारने वाटून घ्यायला हवा.

दिव्यांगांसाठीचा २०१६ चा कायदा खासगी कंपन्यांनाही लागू आहे, आणि माझ्या पाहण्यात तो सर्वांत कमी वापरला जातो. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण लिहून जाहीर करायचं असतं, शक्यतो वेबसाइटवर, नाहीतर कामाच्या जागी सगळ्यांना दिसेल असं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठी योग्य जागा कोणत्या, निवड कशी होणार, सोयी काय, आणि यासाठी नेमलेला संपर्क अधिकारी कोण, हेही लिहावं लागतं. अमेरिकेत कुठलाही आदेश निघो, हे इथे बंधनकारक आहे. आपल्या कंपनीचं हे धोरण कुठे लावलंय ते एचआरला मेल करून विचारा, आणि संपर्क अधिकाऱ्याचं नाव लेखी मागा.